टेपमधले पाय

हेक्टरने बॉस्टनहून आणलेले दोन स्पीकर बैठकीच्या दारातून आत शिरेनात, तेव्हा सिस्टर युफेमियांना झालेला आनंद एका ननला शोभणारा नव्हता.

"दाराला अक्कल आहे," खिडकीजवळच्या खुर्चीतून त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेला तू आणलेली वस्तू लहान होती, म्हणून आत आली."

"आत्या, जरा एक बाजू धरतेस का?" हेक्टर धापा टाकत म्हणाला.

"माझं वय बघ. मी फक्त प्रार्थना करू शकते, आणि ती मी दाराच्या बाजूने करतेय."

शेवटी हेक्टरचा चुलतभाऊ रॉडी याने बिजागरं खोलून दारच बाजूला काढलं. स्पीकर आधी हॉलमध्येच न्यायचे होते, पण चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये दुपारभर हाउझीचा खेळ होता, आणि तिथे आकडे पुकारणाऱ्या बाईंपुढे फादरचंही काही चालत नसे. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये लॉकी मॅकएकर्न यांच्या नावाने कार्यक्रम होता. लॉकी एप्रिलमध्ये गेले. आता ऑगस्ट होता, मुलं आपापल्या गावांहून आली होती, पुतण्या बॉस्टनहून आला होता, आणि त्यांच्या घरात सगळे एकमेकांशी फार जपून बोलत होते. अपवाद फक्त सिस्टर युफेमियांचा. त्या लॉकींच्या थोरल्या बहीण. उभं आयुष्य मठात मौन पाळून त्यांनी जे साठवलं होतं, ते आता बाहेर येत होतं.

हेक्टरने मागच्या खेपेला आणलेली वस्तू म्हणजे ती टेप. तीन वर्षांपूर्वी त्याच्या आईच्या माळ्यावर त्याला ती सापडली. खोक्यावर लिहिलं होतं: बिग अ‍ॅलन, मॅकफीकडचं लग्न, १९५८. लग्नाच्या नाचाला बिग अ‍ॅलनला बोलावलं होतं आणि कोणीतरी पडवीत यंत्र ठेवून त्याचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, टेप केलं होतं. त्यात एक धून होती. 'कासीचा बूट'. ती लॉकींची धून. कॅनडातल्या केप ब्रेटनच्या या किनाऱ्यावर निम्मी लग्नं तिच्यावर नाचली होती, आणि लॉकी ती आयुष्यभर स्वतःची म्हणून वाजवत आले होते. बिग अ‍ॅलन त्यांचा गुरू, केव्हाच मेलेला. मग हेक्टरने जे म्हणायचं ते म्हटलं: काकांनी गुरूची धून ढापली. त्याला कोणाला दुखवायचं नव्हतं. त्याला फक्त बातमी सांगणारा माणूस व्हायला फार आवडायचं.

इथवर ती हेक्टरची गोष्ट होती. पुढची फ्लोराची.

त्याच वर्षी पॅरिशतर्फे गावच्या धुनांचं पुस्तक निघत होतं आणि संपादक होती लॉकींची मुलगी फ्लोरा. ती हॅलिफॅक्सला कॉलेजात साहित्य शिकवायची. विद्यार्थ्यांच्या निबंधांतल्या चोऱ्या हुंगून काढण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. एवढ्या पोरांना नापास केल्यावर बापाला सूट कशी द्यायची? एका संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात वडिलांसमोर बसून विचारलं, "बाबा, ही धून तुम्हीच बांधलीत ना?"

"टेप ऐकलीस?"

"ऐकली."

"मग तुला काय वाटतं?"

तिने सांगितलं तिला काय वाटतं ते. हळुवारपणे सांगितलं. हुशार विद्यार्थ्याला दुसरी संधी देताना सांगायची तसं. स्वतःहून नाव काढून घेतलं तर त्यात मोठेपणा आहे, असंही म्हणाली. लॉकी ऐकत होते. मग म्हणाले, "तर मग झालं," आणि चहात साखर ढवळत राहिले. पुस्तकात ती 'बिग अ‍ॅलनची धून' म्हणून छापली गेली. फ्लोराला दुःख झालं, आणि त्याच्या तळाशी, थोडा, अभिमानही वाटला. स्वतःच्या बापालासुद्धा सोडलं नाही आपण. हा अभिमान तिला एप्रिलपासून झोपू देत नव्हता, आणि तेही आपलं बरोबरच आहे असं तिला अजून वाटत असताना.

तिच्या आईने, कासीने, ती टेप ऐकायलाच नकार दिला होता. "खोटं आहे हे कळायला मला ऐकायची काय गरज?" तिच्यासमोर त्या टेपचं नाव काढायची सोय नव्हती.

---

फ्लोरा आणि आई मागच्या कोठीत सँडविचं करत होत्या. अख्ख्या हॉलला पुरतील एवढी. कोलंबीचं सारण संपलं होतं आणि आई आता अंड्यांवर आली होती.

"बोलणार आहेस ना तू आज?" आईने विचारलं.

"दोन पानं लिहिलीत."

"त्यात ते आहे?"

"नाही." ते म्हणजे काय हे दोघींनाही विचारावं लागलं नाही.

"बरं केलंस. मेलेल्या माणसाच्या कार्यक्रमात मेलेला माणूस एकटाच गप्प असतो. त्याचा फायदा घेऊ नये."

भिंतीपलीकडून रॉडीचा दबलेला आवाज आला, "ती नको लावूस, आई घरात आहे," आणि हेक्टरचा, "अरे हळू लावतो, फक्त स्पीकर बघायचाय. माझ्या नातवाने खरखर सगळी काढून टाकलीय, ऐक तरी." सुरी खाली ठेवून आत जावं, असं फ्लोराला वाटलं. पण आईला ऐकू कमी येत होतं, आणि हेक्टरशी भांडायचं तर ते जेवणानंतर, असं तिने ठरवलं होतं.

मग ते सुरू झालं. ती भिंत फळ्यांची, आणि आईचे कान असे. फिडल तर तिच्यापर्यंत पोचलंच नसावं. पण स्पीकर जमिनीवर ठेवले होते आणि लाकडी जमीन दोन्ही खोल्यांना एकच होती. वाजवणाऱ्याच्या पायांचा ठेका फळ्यांमधून सरळ तळव्यांत येत होता.

आईची सुरी थांबली.

"लॉकी," ती म्हणाली. हाक मारल्यासारखं नाही. रस्त्याच्या पलीकडून ओळखीचं माणूस जाताना दिसावं आणि सोबतच्याला दाखवावं, तसं.

"आई—"

"ही कोणाकडे होती? गुडघ्याच्या आधीचं काही शिल्लक असेल असं मला वाटलंच नव्हतं."

"गुडघ्याच्या आधीचं म्हणजे?"

आईने तिच्याकडे असं पाहिलं की जणू फ्लोराने समुद्र कुठल्या बाजूला आहे हे विचारलं होतं. "जिप्समच्या खाणीत गुडघा मोडला ना त्याचा. तुम्ही झाला नव्हतात तेव्हा. त्यानंतर डावा पाय कायमचा गेला, मग एकट्या उजव्या टाचेवर ठेका धरायचा. तुम्हाला तेवढाच माहीत. त्याआधी दोन्ही पायांनी वाजवायचा. आणि डावा नेहमी जरासा आधी पडायचा. ऐक. डाव्या पायाला घरी जायची घाई असल्यासारखा."

फ्लोराने ऐकलं. तीन वर्षांत तिने ती टेप कितीदा ऐकली होती, गज कुठे वळतो, सूर कुठे लागतो हे तपासत, कागदावर खुणा करत. पाय तिने ऐकले नव्हते. पाय ही खरखर आहे असं समजून ती त्यांच्या पलीकडचं ऐकत आली होती.

आईचे स्लिपर हलायला लागले होते. टाच, टाच, चवडा. वरचा देह अंडी कापणाऱ्या बाईचा आणि खालचे पाय कोणा दुसरीचे. मग जमिनीतून आणखी एक आवाज आला. दुसरे पाय, हलके, भरभर, आणि मधेच धातूचा एक खणका.

"ही मी," आई म्हणाली. "टाचेची नाल सुटली होती. खण. ऐकलंस? सबंध नाचभर अशी वाजत होती, आणि तो माझ्याकडे बघून हसत होता मेला."

फ्लोराच्या लक्षात आलं की तिने एकाच पावाला दोन्ही बाजूंनी लोणी लावलं आहे. तिने तो ताटात ठेवला.

"आई," ती म्हणाली, "ही ती टेप आहे."

आईचे पाय लगेच थांबले नाहीत. एक पूर्ण फेरी झाल्यावर थांबले. मग तिने फडक्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं करून पुसलं, आणि दार नसलेल्या दारातून बैठकीत गेली.

---

हेक्टरने घाईघाईने बंद केलं. "कासीकाकू, मी फक्त आवाज बघत होतो—"

"पुन्हा लाव."

"अं?"

"पहिल्यापासून. आणि मोठ्याने."

त्याने लावलं. ती मधोमध उभी राहून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "बिग अ‍ॅलन दुसऱ्या नाचाच्या आधीच पिऊन गोठ्यात झोपला होता. मॅकफीच्या गाईशेजारी. मी त्याच्या अंगावर पोतं टाकून आले. गाईची काही तक्रार नव्हती. मग लोकांनी लॉकीला खुर्चीत बसवलं आणि अ‍ॅलनचंच फिडल हातात दिलं. हा लॉकी आहे. नाचतेय ती मी आहे."

हेक्टरला बोलल्याशिवाय राहवत नसे, म्हणून तो बोलला. "पण काकू, खोक्यावर तर—"

"खोकं पडवीत होतं. मी आत होते."

"बरं, वाजवलं काकांनी. पण धून अ‍ॅलनकडून शिकलेली असू शकते. असं आपलं एक म्हणतो."

"हेक्टर," सिस्टर युफेमिया म्हणाल्या, "गाढव मेल्यावर त्याला खरारा करू नकोस."

पण रॉडी मान वाकडी करून बसला होता. फ्लोराचा हा धाकटा भाऊ फिडल वाजवूनच पोट भरायचा, आणि खाण्यापिण्याखेरीज दुसऱ्या कशाकडे तो असं लक्ष देत नसे. "परत लाव," तो म्हणाला. आणि मग, "दुसरा भाग ऐका. दर फेरीला वेगळा येतोय. आपण म्हणत होतो अ‍ॅलनची जुनी साधी चाल आहे, बाबांनी नंतर ती सजवली. सजवली नाही. त्याला दुसरा भाग सापडलाच नव्हता अजून. शोधतोय तो. नाच थांबवता येत नाही म्हणून वाजवता वाजवता शोधतोय."

"तेच तर," आई म्हणाली. "नाव काय ठेवू म्हणून नंतर विचारलं मला. मी म्हटलं, आधी पुरी तर कर."

"मला पहिल्यापासून शंका होती," रॉडी म्हणाला.

"पुस्तकाच्या समारंभात 'बिग अ‍ॅलनची धून' म्हणून तूच वाजवलीस," आत्या म्हणाल्या. "डोळे मिटून."

"डोळे मी नेहमीच मिटतो."

"हो, ते खरं."

फ्लोरा चौकटीला टेकून उभी होती. तिला हॉलमधला तो दिवस आठवत होता. टेप पहिल्यांदा सगळ्यांसमोर लावली होती, आणि संपल्यावर कोणीतरी वडिलांना विचारलं, कसा वाटला अ‍ॅलन? ते म्हणाले होते, "वाजवणारा बरा आहे. डावा पाय जरा घाई करतो." लोक हसले होते. गुरूची चूक काढतोय म्हणून. फ्लोराला त्यांची लाज वाटली होती.

"सांगितलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं."

"मग नीट का नाही सांगितलं?" हेक्टर म्हणाला. "एक वाक्य होतं. 'तो मी आहे.' मी परत बॉस्टनला गेलो असतो."

"स्वतःच्या पोरांना स्वतःची ओळख करून द्यायची?" आत्या म्हणाल्या. "लॉकीने? आमच्या घरात कोणाला जमलं नसतं ते. आमचे वडील एकदा कुंपणाखाली अडकले तर संध्याकाळपर्यंत हाक मारली नाही त्यांनी. म्हणे, कोणाच्या लक्षात येतंय का बघत होतो." मग त्यांनी नजर वळवली. "आणि तू, कासी? तू एकदा ऐकली असतीस तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता."

रॉडी म्हणाला, "आत्या, पुरे."

"नाही, बोलू दे तिला," आई म्हणाली. ती सोफ्याच्या हातावर बसली. त्या हातावर ती कोणाला बसू देत नसे. "मला वाटलं, ऐकलं तर त्याच्यावर शंका घेतल्यासारखं होईल. त्याच्या बाजूने आहे म्हणून कान झाकून बसले. आणि तोही मला ऐक म्हणाला नाही. वाट बघत असेल. शहाणी माणसं आहोत आम्ही दोघं."

मग काय करायचं यावर बोलणं सुरू झालं, आणि घर नेहमीसारखं दोन तुकड्यांत वाटलं गेलं. हेक्टरचं म्हणणं, आज काही बोलू नये, कार्यक्रम शांतपणे होऊ द्यावा, पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करावी. बॉस्टनच्या रेडिओवर त्याने ती टेप तीनदा वाजवून दाखवली होती, हे तो म्हणाला नाही, सगळ्यांना माहीत होतं. रॉडीचं म्हणणं, आजच सांगावं, आणि आपणच सांगतो. "हेक्टरने चुकीच्या नावाची टेप आणल्यामुळे गैरसमज झाला होता, तो आता दूर झाला. एवढंच. वाजवायला सुरुवात."

"माझं नाव कशाला?"

"मग काय माळ्याचं घेऊ?"

फ्लोराला रॉडीचं वाक्य आवडलं. खरंच आवडलं. गैरसमज झाला होता. पाऊस झाला होता, तसा. त्यात एकही माणूस कर्ता नव्हता, आणि जो होता तो बॉस्टनचा होता. असं वाक्य एखाद्या निबंधात आलं असतं तर तिने खाली लाल रेघ मारून समासात लिहिलं असतं: कोणी केलं?

"टेप हेक्टरने आणली," ती म्हणाली. "नाव मी काढून टाकलं. मी सांगेन."

हेक्टरने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर सुटका होती आणि थोडी शरमही. "तशी गरज नाही हं," तो म्हणाला, आणि कोणी हो म्हणायच्या आत गप्प बसला.

"पण आधी कबरीवर जाऊन येते. त्यांना आधी सांगायला हवं."

"काही नको," आई म्हणाली.

"आई, मला—"

"तिथे तो उत्तर देऊ शकत नाही. तुला तेच बरं वाटेल. रडशील, येशील, चहा घेशील. हॉलमध्ये सांग. तिथे लोक उत्तर देतात." ती उठली. "आणि ती अंडी कोणीतरी बघा. आणि हे दार परत बसवा, फादर कपडे बदलायला इथेच येणार आहेत."

---

हॉलमध्ये अजून हाउझीच्या खुर्च्या तशाच होत्या. फादरने ओळख करून दिली, लॉकींबद्दल चांगलं बोलले, मधे एक किस्सा सांगितला जो लॉकींचा नव्हता, आणि फ्लोराला पुढे बोलावलं. ती दोन पानं तिने खुर्चीवरच ठेवली. ती चांगली होती. तिच्या विद्यार्थ्याने लिहिली असती तर तिने भरघोस गुण दिले असते.

"'कासीचा बूट' माझ्या वडिलांनी बांधली," ती म्हणाली. "ती त्यांनी चोरली असं मला कोणीतरी सांगितलं, आणि मी ते खरं मानलं. पुस्तकातून त्यांचं नाव मी काढून टाकलं. मला ते कोणी काढायला लावलं नव्हतं. टेपवर वाजवणारे तेच आहेत. आईने आज त्यांचे पाय ओळखले. मी चुकले. हे मी त्यांना सांगू शकले नाही, कारण ते होते तेव्हा मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असं मला वाटलंही नाही."

तिला वाटलं होतं की शांतता पसरेल. पसरली नाही. आई म्हणाली होती तसंच झालं.

"आम्हाला ठाऊकच होतं," मागून पोस्टातला नील म्हणाला.

"तुला काय ठाऊक होतं," त्याची बायको म्हणाली. "अ‍ॅलन लॉकीपेक्षा बरा वाजवतो म्हणून जेवणावर वाद घातला होतास माझ्याशी."

"मग तेच ना. लॉकी बरा वाजवत होता."

लोक हसले. कोणीतरी विचारलं, पुस्तकाचं आता काय? दुसरं कोणी म्हणालं, पेन नाही का तुझ्याकडे. तिसऱ्याला बिग अ‍ॅलन खरंच गाईशेजारी झोपला होता का, आणि कोणत्या गाईशेजारी, हे जाणून घ्यायचं होतं. बातमी पोचली कशी, ते फ्लोराला कळेना. मग दाराशी उभा हेक्टर दिसला. दोन्ही बाजूंच्या माणसांना एकाच वेळी काहीतरी सांगत होता.

मग दुसऱ्या रांगेतून वृद्ध मेरी अ‍ॅग्नेस बोलली. ती लॉकींच्या शेजारची, आणि शेजाऱ्यांना जे विचारता येतं ते तिने विचारलं. "लॉकी रागावला होता का गं तुझ्यावर?"

"माहीत नाही," फ्लोरा म्हणाली.

"होता," आई पहिल्या रांगेतून म्हणाली. कमी ऐकू येणाऱ्या माणसांच्या आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं. "फार रागावला होता. आमच्या जुन्या गेलिक भाषेत बडबडायचा, म्हणजे खराच. एवढी पुस्तकं वाचते आणि बाप वाचता येत नाही, म्हणायचा. शेवटपर्यंत गेला नाही तो राग."

फ्लोरा तशीच उभी राहिली. चार महिने तिला वाटत होतं की कोणीतरी म्हणावं, नाही गं, रागावले नव्हते ते. पुष्कळांनी म्हटलंही होतं, आणि एकाचंही तिला खरं वाटलं नव्हतं. हे वाटलं.

"पण रविवारी तुझा फोन वाजला," आई म्हणाली, "की मला उचलू द्यायचा नाही."

रॉडीने घसा खाकरला, फिडल गळ्याशी घेतलं आणि सांगितलं, "'कासीचा बूट'. लॉकी मॅकएकर्न यांची." फ्लोरा व्यासपीठाच्या दोन पायऱ्या उतरून खाली आली. आईने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.